शंभर किलोमीटरवर नट बघणे

खलिफा सिटी, अबू धाबी
१४ सप्टेंबर २०२५

अक्का,

नमस्कार. दोन्हीकडची खुशाली ठीक आहे असं धरून चालू, पुढचं महत्त्वाचं आहे.

मागच्या फोटोत पत्र कमी आणि माझा अंगठाच जास्त होता म्हणालीस. काय करू? तुला फोनवर ऐकू येत नाही, आणि मी टाईप करायला गेलो तर एका बोटाखाली चार अक्षरं दाबली जातात. चाळीस वर्षं टायर उचललेली बोटं आहेत. म्हणून कागदावर लिहायचं, फोटो काढायचा, पाठवायचा. अंगठा चालवून घे.

तर निखिलनं ट्रेलर घेतलाय. मालाचा नव्हे, राहायचा. आत पलंग, शेगडी, फ्रिज, न्हाणी, आणि संडासला खिडकी. इथं थंडी पडली की लोक असलं घर गाडीला लावून समुद्रावर जातात. घरात एसी सोडून वाळूत एसी लावायचा. पैसा जास्त झाला की माणसाला वारा लागतो. पण तू डिसेंबरात येणार आहेस ना, त्यातला मोठा पलंग तुला, असं सूनबाई संपदानं आत्ताच ठरवलंय. म्हणून मी गप्प आहे.

साधा ट्रेलर गाडीच्या शेपटीला बांधतात. हा तसला नाही. ह्याचं नाक पिकअपच्या हौद्यात, मागच्या चाकांच्या बरोबर डोक्यावर बसतं. ह्याला फिफ्थ व्हील म्हणतात. परवा पहिल्यांदा जोडला, आणि पिकअपच्या मागच्या टायरांची पोटं अशी बाहेर आली की जेवण झाल्यावर मीच उभा आहे असं वाटलं. मी म्हटलं, "निखिल, हे टायर ह्या वजनाचे नाहीत."

तो म्हणाला, "बाबा, माहितीये. एका कंपनीचं पॅकेज आहे. व्हील्स, टायर्स, कन्सल्टेशनसकट."

कन्सल्टेशन! ज्या घरात मी बसलोय त्या घरात टायरची सल्लामसलत बाहेरून आणायची? मी म्हटलं, पॅकेज खलास. हे काम मी करणार.

अक्का, तुला म्हणून सांगतो. दुकान सोडून चार वर्षं झाली. घरात माझं काम काय, तर पार्सलवाला आला की दार उघडणं आणि ओटीपी सांगणं. तोही रेयांश हिसकावून घेतो. नऊ वर्षांचं पोरगं म्हणतं, "आजोबा, यू आर टू स्लो." हे एक काम माझ्या हातानं नीट झालं, तर निदान टायरपुरता मी ह्या घरात माणूस आहे असं वाटेल. हसू नको.

तुझा,
प्रल्हाद


उंब्रज
१७ सप्टेंबर

प्रल्हादा,

आशीर्वाद. हसले. एकदा नाही, दोनदा.

टायरचं तुला कळतं ह्यात वाद नाही. पण तुला जेवढं कळतं त्याच्या पुढं एक पाऊल तू नेहमी टाकतोस, तिथं घोटाळा होतो. शहाण्णव साली सुट्टीवर आला होतास. आपल्या पिठाच्या गिरणीची पुली ढिली झाली होती. मिस्त्री म्हणाला, पाना लावून नीट आवळू. तू म्हणालास, "हट, हातानं कळतं मला." दुसऱ्या दिवशी पट्टा सुटला तो रस्ता ओलांडून समोरच्या न्हाव्याच्या दुकानात. तो दचकला आणि खुर्चीतल्या माणसाची अर्धी मिशी गेली. तो माणूस पुढं सरपंच झाला, आणि गिरणीला नळाचं कनेक्शन मला सहा वर्षं मिळालं नाही. तू तिकडं विमानात बसून गेलास. पाणी मी वाहिलं.

तेव्हा टायर बदल, पण आधी वजन कर. पोटं बघून वजन सांगू नको. गिरणीत मी सुद्धा पायली डोळ्यांनी ओळखते, तरी काट्यावर ठेवते.

ट्रेलरमधल्या पलंगाचं ऐकलं. खिडकीचा संडास मला नको.

कुंदा


खलिफा सिटी
२५ सप्टेंबर

अक्का,

मिशीची गोष्ट तू एकोणतीस वर्षं वापरतेयस. आता ती मिशी सुद्धा पिकली असेल.

वजन केलं. तू सांगितलंस म्हणून नव्हे, करणारच होतो. ट्रेलर जोडला, पाण्याची टाकी भरली, सगळं सामान टाकलं, पोरं आत बसवली आणि गाडी काट्यावर घेतली. घरी उभं राहून रिकाम्या गाडीचं वजन धरायचं आणि मग समुद्रावर गॅस, पाणी, खुर्च्या, सासर घेऊन जायचं, हे मूर्खपण लोक करतात. संपदा म्हणाली, "बाबा, माझं सासर म्हणजे तुम्हीच." म्हटलं, मग मलाही मोज.

मागच्या दोन चाकांवर आले तीन हजार ऐंशी किलो. टायरवर लिहिलेलं असतं तो किती पेलतो. एक टायर चौदाशे पन्नास. दोनांचे किती? एकोणतीसशे. म्हणजे एकशे ऐंशी किलो फुकट लादलेले. वर हे उन्हाचे दिवस. ओझ्याखाली टायर मळतो, मळला की तापतो, तापला की फाटतो. पहिल्या मालकानं वाळूत उड्या मारायला भज्यांसारख्या गोट्यांचे टायर घातले होते. दिसायला पैलवान, उचलायला पाहुणा.

टायरवरचे आकडे मी डोळ्यांनी वाचतच नाही. उठावाचे असतात, बोट फिरवलं की कळतं. निखिल बघत राहिला. म्हणाला, "बाबा, हे तर ब्रेल आहे." मला बरं वाटलं. अडाणी म्हणाला असता तरी वाटलं असतं, त्यानं माझ्या कामाकडं बघितलं एवढंच पुरे.

तर आता लहान ट्रकला असतात तसले साडेएकोणीस इंची टायर. एकेक दोन हजारांच्या वर पेलतो. त्यात हवा जास्त लागते, तेवढी जुन्या रिमला झेपत नाही, म्हणून रिमसुद्धा नव्या, ॲल्युमिनियमच्या. आणि निखिलला बजावलं, "मोठे टायर घातले म्हणून गाडीची ताकद वाढत नाही. ॲक्सल बत्तीसशेचा आहे तो बत्तीसशेचाच राहणार. त्याच्या वर एक बादली सुद्धा नाही." सरकारी परवानगीचे कागद तो करतोय, त्यात मी पडत नाही.

सगळे मिळून अकरा हजार दिरहम. म्हणजे दोन लाख साठ हजार रुपये. हे तुला कळल्यावर एवढ्यात दुसरी गिरण आली असती असं म्हणशील. मी म्हणून टाकलं.

बसवायला शारजाला खैरुद्दीनकडं जाणार. हा माझ्या हाताखाली शिकला, आता रोल्ला बाजाराच्या पुढं स्वतःचं दुकान आहे, दाढी पांढरी झाली. त्याच्याकडं एक नवीन खेळणं आहे. टॉर्क पाना म्हणतात. दांड्यावर आकडा लावायचा, नट आवळायचा, पुरेसा आवळला की तो कट् करतो. म्हणजे नट आवळला हे आता पाना सांगणार. मग माणसानं काय करायचं, टाळ्या वाजवायच्या?

प्रल्हाद


उंब्रज
२८ सप्टेंबर

प्रल्हादा,

वजन केलंस, शाबास. इथपर्यंत तू शहाणा.

तो कट् वाजणारा पाना आपल्या मिस्त्रीकडं सुद्धा आलाय. चांगला आहे. वापरायला काय पोटात दुखतंय?

आणि एक. तुझं अक्षर दर पत्राला मोठं होत चाललंय. ह्या खेपेला एका पानावर अकरा ओळी. तिकडं कागद फुकट मिळतो काय?

कुंदा


खलिफा सिटी
२ ऑक्टोबर, दसरा

अक्का,

सोनं घे, सोन्यासारखी राहा. आपट्याची पानं इथं मिळाली, पण एवढी दमलेली की त्यांनाच सरबत द्यावं.

काम फत्ते. परवा शारजात चारही चाकं चढवली. खैरुद्दीन म्हणाला, "उस्ताद, टॉर्क रेंच ले आऊँ?" मी म्हटलं, "तू चाय ले आ." पान्याला चार फुटी पाइप घातला आणि समोरासमोरचे नट धरून, एकाला थोडं, त्याच्या समोरच्याला थोडं, असं आवळत गेलो. शेवटी पाइपवर पाय देऊन उभा राहिलो. माझं वजन ब्याऐंशी किलो, हेच माझं टॉर्क. खैरुद्दीन दोनदा पाना घेऊन आला, दोनदा मी परत पाठवला. तिसऱ्या वेळी आला तेव्हा हातात चहा होता. शिकला.

आज पूजा. आता सूनबाईचं ऐक. माझा हिशोब असा, की स्टिअरिंगला एक टिळा, चाकाखाली लिंबू, यल्ला, चला, झालं. संपदा पुण्याची, तिचं अर्ध्यात भागत नाही. तेलात हळदकुंकू कालवून वाटी घेऊन बसली आणि प्रत्येक नटाला बोट. एकेका चाकाला आठ नट. टिळा सुद्धा गोल नाही. नटावरून बोट ओढत खाली रिमपर्यंत सरळ रेघ. म्हटलं, "अगं, हे काय? नटाची ओटी भरतेस का?" म्हणाली, "बाबा, एवढ्याशा नटावर बोट मावत नाही, खाली येतं. आणि एकाला लावलं, दुसऱ्याला नाही, असं कसं?" बत्तीस नट, बत्तीस रेघा. उन्हात उभं राहून माझं लिंबू झालं. अस्मी तेरा वर्षांची, तिनं व्हिडिओ काढला. "आजोबा, स्माइल." कशाला स्माइल?

पण दिसतेय झकास. नाक बसवल्यावर टायर आता फुगत नाहीत, सरळ उभे राहतात. निखिल दोनदा चक्कर मारून आला, म्हणाला, "बाबा, मस्त." दोन शब्द. चार वर्षांत पहिल्यांदा. शनिवारी सकाळी सगळे मिर्फाला निघणार, समुद्रावर, दीडशे किलोमीटर.

कागद संपले होते. रिमच्या खोक्यात हा जाड चकचकीत कागद सापडला, खालचा अर्धा कोरा आहे, त्यावरच लिहितोय. वर काहीतरी बारीक छापलंय, तिकडं लक्ष देऊ नको.

प्रल्हाद


उंब्रज
३ ऑक्टोबर

प्रल्हादा,

नको म्हणालास म्हणून तिकडंच लक्ष दिलं.

वर चाकाचं चित्र आहे. नट आहेत, पाना आहे, गोल फिरलेला बाण आहे, आणि १०० च्या पुढं के एम. मला इंग्रजी येत नाही, शंभर येतं. ते शंभर किलोमीटर झाल्यावर नट परत आवळा असं सांगत नसेल, तर माझं नाव बदल.

गिरणीचा दगड नवीन बसवला की मी तासाभरानं गिरण थांबवते आणि बोल्ट परत आवळते. बाहेर गिऱ्हाइकांची रांग असली तरी. नवी वस्तू बसते, दबते, आणि बोल्ट जागच्या जागी ढिला होतो. ह्यात बोल्टाचा अपमान नाही आणि आवळणाऱ्याचा पण नाही.

तुझ्या त्या गाडीत पोरं बसणार आहेत. शंभराला थांब. हात लावून बघ.

पत्र उशिरा बघशील, म्हणून खाली मोठ्ठं काढून ठेवते.

१००

कुंदा


खलिफा सिटी
६ ऑक्टोबर

अक्का,

मिर्फाला जाऊन आलो. समुद्र चांगला. ट्रेलर चांगला. टायर फर्स्ट क्लास, हात लावला तर कोमट. पोरं खूश. हवा गरम होती.

तुझं पत्र वाटेत बघितलं.

बाकी विशेष नाही.

प्रल्हाद


उंब्रज
८ ऑक्टोबर

प्रल्हादा,

तू पाच ओळींत समुद्र संपवलास म्हणजे काहीतरी झालंय. तुझं विशेष नाही हे मी ओळखते. लहानपणी बैल हरवला तेव्हा सुद्धा घरी येऊन विशेष नाही म्हणाला होतास.

संपदानं मला फोटो पाठवलाय. पेट्रोल पंप, तू चाकापाशी बसलेला, घामानं भिजलेला. खाली लिहिलंय, "आत्या, बाबांनी आज आम्हाला वाचवलं. त्यांचं लक्ष होतं म्हणून." पुढं हात जोडलेली तीन चित्रं.

कशातनं वाचवलंस? आणि तिथपर्यंत कुणी आणलं होतं?

कुंदा


खलिफा सिटी
११ ऑक्टोबर

अक्का,

घे, ऐक.

शनिवारी सातला निघालो. निखिल चालवत होता, मी शेजारी, मागं संपदा आणि पोरं. शारजाहून रिकामी आणली तेव्हा गाडी गप्प होती, आता ट्रेलर जोडून नव्वद-शंभर किलोमीटर झाले असतील, मागून बारीक गूं गूं यायला लागली. निखिलनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "रस्ता खराब आहे." अक्का, इथला रस्ता म्हणजे काचेचा. चाळीस वर्षांत मी ह्या देशातल्या रस्त्याला पहिल्यांदा नाव ठेवलं, ते सुद्धा खोटं.

तरीफच्या अलीकडं पंपावर थांबलो. सगळे चहा आणायला आत गेले. निखिल मागं थांबून मला म्हणाला, "बाबा, तुम्ही पण जा ना, फ्रेश होऊन या." मी गेलो नाही, शेवटी तोच गेला. तेवढ्यात फोन वाजला, तुझं पत्र. उन्हात वर काय लिहिलंय ते दिसेना. खाली पाटीएवढा शंभर काढला होतास, तो दिसला. तू चिडलीस की असं मोठं लिहितेस. मी पण चिडलो. म्हटलं, चला, बघून अक्काला कळवू की बाई, प्रल्हादानं आवळलेलं हलत नसतं.

पुढची दोन चाकं बघितली. रेघा सरळ. मागं उजवं, सरळ. मागं डावं. आठातल्या पाच रेघा मोडलेल्या. रिमवरची रेघ इथं, नटावरची तिथं, फाटक्या नोटेचे तुकडे जुळत नाहीत तशा. मी बोट लावलं. दोन नट बोटानं फिरले. पाना नाही, पाइप नाही. बोटानं, अक्का. बाटलीचं झाकण फिरतं तसे.

 

शंभरच्या वेगानं चाललेल्या गाडीचं चाक, डोक्यावर घराएवढा ट्रेलर, मागं रेयांश चिप्स खात बसलेला. मी मांडत गेलो आणि पुढं मांडवेना. संपदाच्या रेघा नसत्या तर मी लांबूनच बघून गेलो असतो. मला नट आवळलेला आणि सुटलेला सारखाच दिसतो आता. कुंकू तेवढं लाल दिसलं.

पाइप काढला आणि बत्तीसच्या बत्तीस परत आवळले. निखिल चहा घेऊन आला. "बाबा, काय झालं?"

आता इथं मी काय म्हणावं? तू ओळखशीलच. मी म्हटलं, "काही नाही रे. नवीन चाकाचं शंभराला बघायचं असतं. माझी पद्धत आहे."

माझी पद्धत! छापील सूचना माझ्या पत्राच्या वर, सांगितलं तू, दाखवलं संपदानं, आणि पद्धत माझी. निखिल चाकाकडं बघत राहिला. संपदानं डोळे पुसले आणि फोटो काढला. रेयांश म्हणाला, "आजोबा, यू आर लाइक अ सुपरहीरो." सुपरहीरोनं चहा सांडला.

तेव्हापासून घरात माझी आरती चाललीय. संपदानं पुरणपोळ्या केल्या. सोसायटीत कुणी भेटलं की सांगते, "आमच्या बाबांची नजर!" माझी नजर! मला जिना उतरताना शेवटची पायरी दिसत नाही. माझ्या ताटातली पोळी मी रेयांशच्या ताटात सरकवतो. खरं सांगितलं तर निखिल मला पुन्हा स्पॅनरला हात लावू देणार नाही. मग परत ओटीपी.

तूच सांग.

प्रल्हाद


उंब्रज
१२ ऑक्टोबर

प्रल्हादा,

मला कशाला सांगतोस? मी त्या गाडीत नव्हते. जे बसले होते त्यांना सांग.

आणि पायरी दिसत नाही हे तू मला पत्रात आज लिहिलंस. मला ऐकू येत नाही हे मी दारावर पाटी लावून गावाला सांगितलंय, "मोठ्यानं बोला." पीठ तरी बरोबर दळलं जातं.

कुंदा


खलिफा सिटी
१९ ऑक्टोबर

अक्का,

सांगितलं.

चौदा तारखेला, जेवताना. दोन दिवस दर जेवणाला ठरवायचो आणि भाजीत मीठ कमी आहे एवढंच बोलायचो. शेवटी ताट सरकवलं आणि म्हटलं, "चाकं ढिली झाली ती माझ्यामुळं. खैरुद्दीननं पाना आणला होता, मी घेतला नाही. शंभर किलोमीटरचं कागदावर होतं, मी वाचलं नाही. अक्कानं कळवलं म्हणून बघितलं, संपदाच्या रेघांमुळं कळलं. माझी पद्धत वगैरे काही नाही. आता काय बोलायचं ते बोला."

 निखिल उठला, खाली गेला. मला वाटलं, गेला. पाच मिनिटांनी आला तो हातात लांब लाल डबी. उघडली. आत टॉर्क पाना. नवाकोरा.

म्हणाला, "बाबा, मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"कागद मी पण वाचला होता. एक ऑक्टोबरलाच हा घेतला. ड्रायव्हर सीटच्या मागं ठेवला होता. पंपावर तुम्ही वॉशरूमला गेलात की पटकन सगळे चेक करणार होतो. तुम्हाला म्हणालो पण, जा म्हणून. तुम्ही गेलाच नाहीत."

"आणि मग?"

"मिर्फाला तुम्ही दुपारी झोपलात तेव्हा बत्तीस पण केले. येताना परत."

"अरे, मग तोंडानं सांगायला काय झालं होतं?"

तो संपदाकडं बघायला लागला. संपदा आमटीकडं. अस्मी तेवढी धीट. "आजोबा, यू गेट अपसेट."

"मी? मी कधी रागावलो?"

"यू डोन्ट शाउट. यू गो सायलेंट. फॉर थ्री डेज. दॅट्स वर्स."

खरं आहे, अक्का. दुसऱ्यानं कुणी म्हटलं असतं तर मी गप्प झालो असतो. तीन दिवस.

मला शिव्या खाऊन बरं वाटलं असतं. इथं उलटंच निघालं. मी रुसेन म्हणून माझा मुलगा, इंजिनिअर माणूस, पाना असून, कागद वाचलेला असून, बायकापोरांना घेऊन माझ्या पाइपच्या भरवशावर शंभर किलोमीटर गेला. म्हातारा कधी एकदा मुतायला जातो ह्याची वाट बघत. मी समजत होतो, घरात मला कुणी विचारत नाही. अगं, सगळं घर माझ्या तोंडाकडं बघून गाडी चालवतंय.

मी म्हटलं, "निखिल, ह्यापुढं मी गप्प झालो तर होऊ दे. नट आवळ."

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली गेलो, दोघंच. त्यानं पाना माझ्या हातात दिला. दांड्यावर बारीक रेघा, बारीक आकडे, स्टीलमध्ये खोदलेले. उठावाचे नाहीत. बोट फिरवलं, काही लागेना. मी पाना उलटासुलटा केला, उन्हात धरला, सावलीत धरला. खैरुद्दीनचा पाना मी का परत पाठवत होतो ते आता तुला कळलं असेल. खेळणं वगैरे काही नाही. त्याच्यासमोर मला आकडा लावता आला नसता. ज्याला मी शिकवलं, त्याच्यासमोर.

म्हटलं, "आकडा तू वाच."

"दिसत नाही?"

"दोन वर्षं झाली."

अक्का, हे तीन शब्द त्या बत्तीस नटांपेक्षा घट्ट होते.  निखिलनं पाना घेतला, आकडा लावला, मोठ्यानं वाचला, परत माझ्या हातात दिला. मी ओढला. कट्. पुढचा. कट्. बरं वाटतं गं आवाज ऐकायला. तुला ऐकू आला असता तर तू सुद्धा म्हणाली असतीस. आता असंच ठरलंय, तो वाचतो, मी ओढतो, संपदा रेघा ओढते. शंभराला गाडी थांबवायची ड्यूटी रेयांशची. परवा रिकामी गाडी घेऊन नुसतं भाजी आणायला निघालो, तर हा मीटर बघत बसला. घरापासून दुकान दोन किलोमीटर. म्हणाला, "आजोबा, नाइन्टी एट मोर."

डोळ्याच्या डॉक्टरकडं नेऊन आणलं. डाव्यात मोतीबिंदू, नोव्हेंबरात काढायचा. उजव्याला नुसता नंबर. चष्मा कालच मिळाला. घातल्याबरोबर पहिल्यांदा काय दिसलं, तर स्वयंपाकघरात भिंतीवर चिकटवलेला तो रिमचा कागद. माझ्या पत्राचा अर्धा भाग मागं दुमडलेला, छापलेला अर्धा बाहेर. संपदा म्हणते, राहू दे तिथं.

डिसेंबरात येताना पावशेर कुंकू आण, आपल्या पेठेतलं. इथलं तेलात घातलं तरी चार दिवसांत उडतं आणि संपदा परत बत्तीस बोटं घेऊन बसते. विमानतळावर कुणी विचारलं तर पूजेचं म्हणून सांग. खोटं नाही.

हे पत्र चष्मा लावून लिहिलंय. अक्षर बारीक आलंय का बघ.

प्रल्हाद